पोरगा नगरला भरती झालाय

सैन्यात जायचं मी ठरवलं, तेव्हा माझी उंची, माझं वजन आणि माझी छाती या तिघांपैकी कुणालाच विचारलेलं नव्हतं.

उंची तशी बेताने बसत होती. वजनाचं केळी खाऊन काहीतरी करता आलं असतं. छातीचं मात्र अवघड होतं. भरतीत छाती आधी साधी मोजतात आणि मग फुगवून मोजतात. माझ्या बाबतीत या दोन्हींत फारसा फरक पडत नसे. (माझ्या खोलीत राहणारा पोपट टेप धरून म्हणायचा, "नव्या, फुगव की!" मी म्हणायचो, "फुगवलीय.")

मी नगरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेजात नेमकं काय करायचं असतं, हे विचारायला घरात कुणी नव्हतं. पहिलं वर्ष ते समजून घेण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी ते समजलं, पण जीव लागेना. बाकावर बसलो की पाय आपोआप हलायला लागत. एकदा सर शिकवायचे थांबले आणि म्हणाले, "नवनाथ, तुझ्या बाकाखाली शिलाई मशीन आहे का?" वर्ग हसला. मीही हसलो, पण पाय काही थांबले नाहीत.

मग एके दिवशी पोपट म्हणाला, "सैन्याची भरती निघालीय, नगरलाच. येतोस का?" मी "हो" म्हणालो. का, असं त्याने विचारल्यावर "देशसेवा" असं सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण त्याच्या मागे आणखी एक कारण होतं, ते जरा लाजिरवाणं आहे.

आमचं गाव जामखेडच्या बाजूला. दसरा झाला की गावात ट्रक येतात आणि आईबाप ऊसतोडीला जातात, ते गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. शाळेसाठी मला चुलतीकडे ठेवत. म्हणजे वर्षातला निम्मा काळ माझं एकच काम असायचं, वाट पाहणं. पाडवा जवळ आला की मी पारावर जाऊन बसायचो. ट्रक यायचा, मी धावायचो, आणि त्यातून दुसऱ्यांचेच आईबाप उतरायचे. त्यांचा काही दोष नव्हता, पण मला त्यांचा फार राग यायचा.

आणि त्याच गावात सुभाषभाऊ होता. तो मिलटरीत. तो सुट्टीवर यायचा म्हटलं की त्याची आई आठवडाभर आधीपासून ओटा झाडायची. वडील रोज स्टँडवर उगाच चक्कर मारायचे. आळीतल्या कोंबड्यांना कुठून बातमी लागायची कोण जाणे, त्या दिसेनाशा व्हायच्या! तो काळी ट्रंक घेऊन गाडीतून उतरला की सगळी आळी गोळा. मी गर्दीत मागे उभा राहून पाहायचो आणि मनात म्हणायचो, असं एकदा आपल्यासाठी कुणीतरी रस्त्याकडे डोळे लावून बसावं. आपण उशिरा पोचावं, आणि सगळ्यांनी विचारावं, "का रं, एवढा उशीर?"

बस, एवढ्यासाठी मला सैन्यात जायचं होतं. (मुलाखतीत हे सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं.)

महिनाभर आम्ही तयारी केली. पहाटे नागापूरच्या बाजूला रस्त्यावर पळायचो. तिथले कारखाने सुटायच्या वेळी रात्रपाळीची माणसं सायकलवरून घरी निघालेली असत. ती आमच्या पुढे निघून जात आणि वर मागे वळून "चला, चला!" असं म्हणत. कुत्री मात्र मनापासून मदत करायची. माझी सगळ्यात चांगली वेळ आली ती एका पिवळ्या कुत्र्यामुळे. पोपट म्हणाला, "भरतीला त्यालाच घेऊन जाऊ."

भरतीच्या आदल्या संध्याकाळी मला वाटलं, घरी सांगायला हवं. आईबाप तेव्हा नेवाशाकडच्या एका कारखान्याच्या तोडीवर होते. आण्णांचा, म्हणजे वडिलांचा, मोबाईल पाण्याच्या टिपाडात पडल्यापासून बंद. म्हणून मी मुकादमाला फोन लावला. त्यांच्या टोळीचा तोच प्रमुख. फोन उचलला त्याच्या बायकोने, कौसामामीने.

"मामी, मी नवनाथ बोलतोय, नगरहून."

"कोन? मोठ्यानं बोल बाबा, हितं टॅक्टर सुरू हाय!"

आता इथे माझी चूक झाली. आमच्याकडे सगळं गाव 'मिलटरी' म्हणतं. मीही म्हणतो. पण माझ्या शेजारी वर्गातल्या दोन मुली झेरॉक्सला उभ्या होत्या, आणि आपण मराठी विषय घेऊन बी.ए. करतोय, हे मला नको तिथे आठवलं.

"मामी, आईला आणि आण्णांना निरोप सांगा. उद्या माझी सैन्यात भरती आहे!"

तिकडून ट्रॅक्टरचा आवाज. मग मामी ओरडली, "आगं बया! भरती?"

"हो, भरती! नगरला!"

"कवापासून चाललंय रं हे?"

"महिना झाला की!"

"आन् आमाला आत्ता सांगतोस व्हय?"

"उगीच कशाला काळजी, म्हटलं. बाकी सगळं ठीक आहे मामी, फक्त छातीचं जरा अवघड आहे."

"छातीचं!"

"उद्या डॉक्टर बघणारच आहेत. यातून निघालो तर लगेच फोन करतो. आईला म्हणावं, काळजी करू नका, फक्त आशीर्वाद असू द्या."

पलीकडे मामी रडत होती. मला भरून आलं. आपल्या खेड्यातल्या माणसांना सैन्याबद्दल किती आदर आहे, असं मी पोपटला सांगितलंसुद्धा!

मामीला ऐकू आलं होतं ते असं: पोरगा सलाईनवर आहे. नगरला भरती केलाय. महिन्यापासून छातीचं दुखणं होतं, सांगितलं नाही. डॉक्टर उद्या बघणार आहेत, वाचला तर फोन करणार आहे.

आणि तिने निरोप पोचवला तोही इतका सविस्तर, की मी सांगितलेलं एकही वाक्य सुटलं नाही!

पुढचं मला नंतर कळलं. (आई ते वेगवेगळ्या प्रकारे सांगते. दर वेळी माझी प्रकृती आणखी बिघडलेली असते.) आईच्या हातातला कोयता जागेवर पडला. जो मुकादम सख्ख्या भावाच्या लग्नाला कुणाला सुट्टी देत नाही, तो म्हणाला, "जावा, आत्ताच्या आत्ता जावा!" टोळीतल्या लोकांनी पेशंटसाठी जे जे सापडेल ते दिलं. कुणी केळी, कुणी शहाळी, कुणी बिस्किटं. एका म्हातारीने अंगारा दिला आणि एकाने, काहीच नव्हतं म्हणून, सोललेल्या उसाची मोळी दिली. रात्री गाडी मिळेना. सकाळी कांद्याचा टेम्पो नगरच्या बाजाराला निघाला होता. त्यात आई, आण्णा आणि कौसामामी बसले. मामी कशाला? तर बोलणं तिच्याशी झालं होतं. डॉक्टरांनी काही विचारलं तर सांगायला माणूस नको का?

टेम्पोने त्यांना नगरात सोडलं. आण्णांनी समोरच्या रिक्षावाल्याला विचारलं, "दादा, भरती कुठं हाय वो?"

दवाखाना म्हणाले असते तर सगळं निभावलं असतं. पण आण्णा मोजकं बोलणारे.

रिक्षावाला म्हणाला, "बसा मावशी, बसा आण्णा. कालपासून तिकडंच फेऱ्या मारतोय मी."

आईने विचारलं, "लई पोरं हायेत का तिथं?"

"लई म्हंजी? गावंच्या गावं लोटलीत! पाय ठिवायला जागा न्हाई."

"साथ आलीय का काय वो?"

रिक्षावाल्याला वाटलं, मावशी गमतीत म्हणतायत. तो म्हणाला, "साथच म्हनायची! दरसाल येती."

"आन् निघत्यात का पोरं त्यातून?"

"छ्या! मूठभर निघत्यात. निम्मी तर छातीतच जात्यात."

आईने पदर तोंडाला लावला.

"आन् बाकीची?" मामीने धीर करून विचारलं.

"बाकीची पळताना जात्यात."

आण्णा हळूच म्हणाले, "पेशंटला पळाया लावत्यात?"

मैदानाशी पोचल्यावर त्यांनी जे पाहिलं, त्याने उरलीसुरली आशाही संपली. शेकडो पोरं उघडीबंब, अर्ध्या चड्डीवर. कुणी मातीत आडवा पडून धापा टाकतोय, कुणी कडेला बसून ओकतोय, कुणी गुडघ्यात डोकं घालून रडतोय. एक जण टेप घेऊन छात्या मोजतोय. आणि प्रत्येकाच्या छातीवर शाईने नंबर!

"नंबर टाकलेत गं!" आईने मामीचा हात घट्ट धरला. "आता नावानं बी वळखीनात!"

बांबूच्या कुंपणाशी एक जवान उभा होता. आईने त्याला हात जोडून विचारलं, "साहेब, मपलं लेकरू कोनच्या वार्डात हाय?"

"माताजी, पीछे. पीछे हो जाइए."

"ह्यो डाक्टर परमुलखातला हाय," मामी म्हणाली. "म्हंजी केस मोठीच असंल."

त्या वेळी मी पळत होतो.

आणि मी खरंच बरा पळत होतो. चार फेऱ्यांची शर्यत. आत घ्यायची तेवढी मुलं पोचली की दोन जवान दोर आडवा धरतात. दोराच्या अलीकडे राहिला तो घरी. शेवटची फेरी सुरू होती. पोपट पुढे होता, आणि मी पोपटच्या पाठीकडे बघून पळत होतो. छाती फुटायला आली होती (फुगत नसली तरी फुटते, हे तेव्हा कळलं). तरी पाय चालत होते. वर्षभर बाकाखाली हललेले ते पाय पहिल्यांदाच कामाचं काहीतरी करत होते. दोर गुंडाळून धरलेले जवान मला दिसायला लागले. मला वाटलं, होतंय. नवनाथ, होतंय हे!

आणि तेवढ्यात आवाज आला.

"नवाऽऽ! आरं मपल्या लेकराऽऽ! पळू नको रंऽऽ!"

ज्यांच्या आईने उसाच्या फडात काम केलं आहे त्यांनाच हा आवाज ठाऊक असेल. फडाच्या या टोकाहून त्या टोकाला, पाचटाच्या सळसळीवरून, ट्रॅक्टरवरून तो पोचतो. मैदान म्हणजे त्याला काहीच नाही. सगळं मैदान वळून बघायला लागलं. शिट्टी तोंडात धरलेल्या जवानाने शिट्टी बाहेर काढली.

"थांब रंऽऽ! छातीला तान बसंल!"

मी पाहिलं. कुंपणाला आई. डोक्याला तोडीवरचं फडकं तसंच बांधलेलं. शेजारी मामी, हातात शहाळं वर धरलेलं. आणि आण्णा. आण्णांनी आजूबाजूच्या पोरांकडे पाहिलं, जवानाच्या गणवेशाकडे पाहिलं, आणि त्यांना तिथल्या तिथे सगळं उमगलं असावं. आमचे आण्णा, जे जेवताना मीठसुद्धा खुणेने मागतात, ते कुंपणावर चढले आणि ओरडले, "आयकू नको तिचं! पळ! पळ नवनाथा!"

एक म्हणतंय थांब, एक म्हणतंय पळ. जगातल्या कुठल्याही जवानाने अशा वेळी काय करायला हवं, ते मला माहीत आहे. पण दसऱ्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. ऐन हंगामात, पाडव्याला इतका अवकाश असताना, दोघं एकदम! त्या शेकडो पोरांत ज्याला शोधत कुणी आलंय असा मी एकटाच होतो. डोक्याने सांगितलं, पळ. पायांनी मात्र डोक्याला विचारलंच नाही. ते वळले आणि थेट कुंपणाकडे निघाले.

मागे दोर आडवा झाला.

पोपट दोराच्या पलीकडे पोचला होता. (तो आत गेला तो गेलाच. पुढचं सगळं पार करून निवडला गेला. आता कुठेतरी बर्फात असतो.)

मी कुंपणाशी पोचलो तर आईने बांबूंतून हात घालून माझे दोन्ही दंड चाचपले. "सलाईन कुठं लावलंय? उपसून पळालास व्हय?"

"कसलं सलाईन?"

"मामीला तूच म्हनलास की, सलाईनवर भरती हाय म्हनून!"

"सैन्यात, आई! सैन्यात भरती!"

"सैन्य म्हंजी?"

"मिलटरी," आण्णा म्हणाले, कुंपणावरूनच.

आईने एकदा माझ्याकडे, एकदा मैदानाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग मिलटरी म्हनाया तुजी जीभ झडती का?"

"मी आयकलं तेच सांगितलं बाई," कौसामामी घाईघाईने म्हणाली. "छातीचं अवघड हाय, हे ह्यो म्हनला का न्हाई विचार!"

ते मी म्हणालो होतो. नाकारायला जागाच नव्हती.

बाहेर रस्त्याच्या कडेला लिंबाखाली आम्ही बसलो. पेशंटसाठी आणलेलं सगळं मधे मांडलं. आसपास माझ्यासारखीच बाहेर राहिलेली पोरं तोंडं पाडून बसली होती. आईने एकेकाला हाक मारायला सुरुवात केली. "ये रं बाबा, तुजं काय झालं?" "उंची कमी भरली मावशी." "घे, केळ खा." "तुजं काय?" "छाती." "तू शहाळं घे." थोड्या वेळाने तिथे पंधरावीस जण उसाचे करवे चघळत होते, आणि आण्णा एकेकाला शांतपणे शहाळं फोडून देत होते. अंगारा सगळ्यांना लावला. म्हातारीने दिलाय, वाया कशाला घालवायचा?

पोरं पांगल्यावर आईने विचारलं, "खरं सांग, कशापायी जायाचं हुतं तुला मिलटरीत?"

"देशसेवा," मी म्हणालो.

ती बघत राहिली. मला आई बघत राहिली की खोटं पुढे रेटता येत नाही. मी उसाच्या करव्याकडे बघत म्हणालो, "सुट्टीवर आलो असतो ना. तुम्ही वाट बघितली असती."

आईने फडकं सोडलं, झटकलं, परत बांधलं. मग म्हणाली, "आत्ता मी फडात काय करती मंग? निस्ता ऊस तोडती व्हय?"

मामीने तोंड दुसरीकडे फिरवलं. आण्णांनी माझ्या हातात न फोडलेलंच शहाळं दिलं. मी ते धरून बसलो. त्याचं काय करायचं हे मला सुचेना.

ऊन कलल्यावर त्यांना नेवाशाच्या गाडीत बसवायला गेलो. मुकादमाने एकाच दिवसाची सवलत दिली होती. आईला खिडकी मिळाली. ती म्हणाली, "कालेज कर नीट. आन् फोन केलास तर आमच्या भाषेत बोल." मी मान हलवली. गाडी सुरू झाली. मला वाटलं, आता रडण्यापेक्षा काहीतरी शोभेसं करावं. मी टाचा जुळवल्या, छाती जमेल तेवढी फुगवली आणि खिडकीकडे बघून कडक सॅल्यूट ठोकला!

टिंग टिंग! गाडी थांबली. कंडक्टर दारातून बाहेर वाकून ओरडला, "चढ लवकर!"

"नाही, मला जायचं नाही..."

"मग हात कशाला केलास?"

"तो सॅल्यूट होता."

"कुणाला? मला?"

सगळी गाडी बघत होती. आईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, "काय झालं रं? काय इसरलास का?"

दुसऱ्या दिवशी माझा कॉलेजात पेपर होता. खोलीची किल्ली माझ्याकडेच होती, आणि पोपट तिथे बाहेर बसून माझ्या नावाने ओरडणार होता. हे सगळं मला माहीत होतं. मी कंडक्टरकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि चढलो.

देशाच्या सीमेवर जायला निघालेला मी त्या संध्याकाळी नेवाशापर्यंत पोचलो. तेही आईने तिकीट काढलं म्हणून!